उतरवून घेतलेली फॅशन

कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला कस्तुरबा गांधी मार्ग म्हणायला लागून किती वर्षं झाली, पण आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी तो शेवटपर्यंत कर्झन रोडच राहिला. बाबांना सरकारी जागा मिळाली ती याच रस्त्यावर, हबीब रहमान यांनी आराखडे केलेल्या कर्झन रोड अपार्टमेंट्समध्ये. पुण्याच्या वाड्यातून आलेल्या आईला त्या उंच इमारतीची सवय व्हायला वेळ लागला म्हणतात. आम्ही तिथेच वाढलो. सुट्टी लागली की सरोजिनी नगरहून काकांची मुलं, लोदी कॉलनीतून मावस भावंडं अशी सगळी आमच्याकडे येऊन पडायची आणि जमिनीवर गाद्यांची रांग लागायची.

हा रस्ता आमच्या दृष्टीनं मासिकांचा रस्ता होता. हिंदुस्तान टाइम्सच्या इमारतीतून ‘साप्ताहिक हिंदुस्तान’, ‘कादंबिनी’ आणि मुलांचं ‘नंदन’ निघायचं. अमेरिकन सेंटरमध्ये वाचनालय होतं, आणि ‘स्पॅन’ तिथूनच पोस्टानं घरोघर जायचं. इंडिया गेटच्या टोकाला मॅक्समुल्लर भवन. 1992 मध्ये ब्रिटिश कौन्सिलही रफी मार्गावरून इथे आलं, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या नव्या इमारतीत. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या दगडात आणि पांढऱ्या मकराण्यात एक अवाढव्य वडाचं झाड पसरवलं आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर, पायी फिरण्याच्या अंतरात, तीन परक्या देशांची मासिकं वाचायला मिळत. आमच्या घरातल्या बायकांनी याचा जेवढा फायदा घेतला तेवढा क्वचितच कुणी घेतला असेल.

फॅशनच्या मासिकांबद्दल लिहिताना बहुतेक वेळा संपादकांबद्दल, छायाचित्रकारांबद्दल, मॉडेलबद्दल लिहिलं जातं. मला वाचणारणींबद्दल लिहायचं आहे. माझी आई, दोन मावश्या, काकू आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू यांच्यापैकी एकीनंही त्या गुळगुळीत पानांवरचा एकसुद्धा कपडा कधी विकत घेतला नाही. घेणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी ती पानं वाचली ती शिंप्याच्या नजरेनं. चित्र बघून या खांद्याची शिवण कुठे आहे, चुण्या कमरेत घेतल्यात की पट्टीत, कापड आडवं बेतलंय की तिरकं, हे त्यांना कळायचं. मासिक काढणाऱ्यांना हव्या तशा ग्राहक या नव्हत्या. वाचक म्हणून मात्र यांच्यासारख्या दुसऱ्या मिळाल्या नसत्या, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

तेव्हा परदेशी मासिकं बाजारात सहज का मिळत नसत, हे आम्हाला फार पुढे कळलं. 1955 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं होतं की परदेशी मालकीची वृत्तपत्रं आणि नियतकालिकं भारतात निघू द्यायची नाहीत. त्यामुळे ‘व्होग’ किंवा ‘एल’ यांची भारतीय आवृत्ती निघण्याचा प्रश्नच नव्हता. जे अंक यायचे ते बाहेरून, मोजके आणि महाग. कॅनॉट प्लेसच्या मोठ्या दुकानांत ते लांबून बघायचे. नाहीतर रविवारी दरियागंजच्या पटरीवर, कुणा वकिलातीतल्या कुटुंबानं रद्दीत घातलेले, कोपरे दुमडलेले, दोन-तीन वर्षं जुने अंक हुडकायचे. उरला मार्ग वाचनालयाचा. तिथे चालू अंक घरी न्यायला मिळत नसे, जुने मिळत.

आमच्या घरात या सगळ्याची सूत्रधार धाकटी मावशी. ती नोकरीच्या शोधात दिल्लीला आली, आमच्याकडेच राहिली आणि संध्याकाळी मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकायला जाऊ लागली. जर्मन येत असेल तर भाषांतराचं काम मिळतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिथल्या वाचनालयात तिला ‘बुर्डा’ सापडलं.

‘बुर्डा’ची हकिगत मावशी आम्हाला गोष्टीसारखी सांगायची, आणि ती आहेच तशी. जर्मनीतल्या ऑफेनबुर्ग गावात रेल्वेत काम करणाऱ्या माणसाच्या घरी 1909 मध्ये एक मुलगी जन्मली. तिचं नाव ॲने. तिनं फ्रान्झ बुर्डा नावाच्या छापखानेवाल्याशी लग्न केलं. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर तिला कळलं की नवऱ्यानं एक छोटीशी फॅशन प्रकाशन संस्था परस्पर आपल्या प्रेयसीच्या हाती दिली आहे. ॲनेनं ती संस्था कर्जासकट स्वतःच्या ताब्यात घेतली, चाळिशीत. जानेवारी 1950 मध्ये तिनं ‘बुर्डा मोडेन’चा पहिला अंक काढला, एक लाख प्रतींचा. युद्धात बेचिराख झालेल्या देशातल्या बायकांना कपडे हवे होते आणि पैसे नव्हते. त्यांच्या घरी शिवणयंत्र मात्र असायचं. 1952 पासून तिनं अंकासोबत मापाबरहुकूम काढलेले कपड्यांचे आराखडे द्यायला सुरुवात केली आणि तिथून ते मासिक जगभर पसरलं. 1987 मध्ये ते सोव्हिएत रशियात रशियन भाषेत निघालं, तेव्हा मॉस्कोतल्या बायकांनी त्याच्यावर उड्या टाकल्या. ती बातमी आली त्या दिवशी मावशीला झालेला आनंद मी विसरलेले नाही. जणू घरातल्याच कुणाचं कौतुक झालं होतं. मावशी म्हणायची, “चैनीचे कपडे आपल्या हातानं करता येतील अशा रीतीनं छापणारी पहिली बाई ही.” पहिली की कसं ते मी सांगू शकत नाही. पण मावशीला त्या बाईबद्दल जो आदर होता तो मला आजही योग्य वाटतो.

तो आराखड्याचा कागद ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणं कठीण. अंकाच्या मध्यभागी घडी घालून लावलेला, उलगडला की टेबलभर होणारा पातळ कागद. त्यावर एकावर एक, एकात एक अशा शेकडो रेषा, काळ्या, लाल, निळ्या, हिरव्या. काही सलग, काही तुटक, काही टिंबटिंब, काही फुल्याफुल्यांच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की रेल्वेच्या रुळांचा नकाशा आहे. प्रत्येक कपड्याला एक रंग, प्रत्येक मापाला एक तऱ्हेची रेषा आणि प्रत्येक तुकड्याला एक आकडा. समजा, कोटाची पाठ हवी आहे. मग कडेला छापलेल्या आकड्यांत तो आकडा शोधायचा, तिथून सरळ आत बोट नेत त्याच रंगाचा तोच आकडा गाठायचा आणि मग ती एकच रेषा डोळ्यांनी धरून ठेवत पूर्ण फिरायचं. मध्येच डोळा दुसऱ्या रेषेवर सरकला की बाही काकूंची आणि पाठ जोशीकाकूंची व्हायची.

कागद वाचनालयाचा, त्यामुळे त्यावर दात्यांचं चक्र फिरवायचं नाही, पेन्सिल टेकवायची नाही, हा मावशीचा नियम होता. ती वर बटर पेपर पसरायची, चार कोपऱ्यांना वजनाला पितळी वाट्या ठेवायची आणि हलक्या हातानं रेषा उतरवून घ्यायची. मग बटर पेपरवरून खाकी कागदावर. मापं युरोपातल्या बायकांची, म्हणजे हात लांब, खांदे रुंद. तिथे आईचं काम सुरू व्हायचं. आईनं पुण्यात शिवणाचा वर्ग केला होता आणि मुंढ्याच्या गोलाईत तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं. ती खाकी कागदावर खांदा अर्धा इंच आत घ्यायची, मुंढा वर सरकवायची, बाहीचा डोक्याकडचा भाग त्या मानानं उतरवायची. त्या आराखड्यात शिलाईसाठी कापड धरलेलंच नसतं, ते आपण चहूबाजूंनी सोडायचं असतं, हे अंकातल्या बारीक अक्षरांतल्या जर्मन सूचनेत लिहिलेलं असे. मावशीची भाषा शिकण्याची फी तिथे पुरेपूर वसूल झाली, असं बाबा मनापासून म्हणत.

आणि काय शिवायच्या त्या? सगळ्यात आधी कोट. दिल्लीच्या थंडीत पुण्याहून आणलेल्या शालीचा काही उपयोग होत नाही. पंजाबी शेजारणी स्वेटर विणण्यात पटाईत होत्या, त्यांच्याकडून आमच्या बायका ते शिकल्या. पण साडीवर घालायचा, गुडघ्यापर्यंतचा, नीट बसणारा लोकरी कोट हे प्रकरण वेगळं. शिंप्याकडे तो पुरुषी व्हायचा. मग शंकर मार्केटमधून कापड आणि अस्तर, किनारी बाजारातून बटणं, आणि घरच्या पायमशीनवर रात्री जेवणं झाल्यावर टिपा. साडी मुळात ‘बुर्डा’च्या हिशेबात नव्हती. निऱ्यांचा घेर मावायला हवा, पदर आत घेतला तर कुठून आणि बाहेर काढला तर कुठून, याचा विचार ऑफेनबुर्गमध्ये कुणी केलेला नव्हता. तो या बायकांनी केला. कोटाला डाव्या बाजूला वाढीव चीर दिली, आतून एक चुणी घेतली. तो कोट आधी आईचा झाला, मग काकूंचा, मग वनिता समाज या बायकांच्या मंडळात कुणीतरी बघितला आणि खाकी कागदांची नक्कल लोदी रोडपासून करोल बागेपर्यंत पोचली. गणेशोत्सवात त्या कोटांचा उपयोग नव्हता, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळीनं तेच कोट, वेगवेगळ्या रंगांचे. आम्ही मुली ते ओळखायचो.

घरात मराठी मासिकंही येत होतीच. पुण्याहून ‘स्त्री’ यायचं. 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेलं हे मासिक आजीपासून आमच्या घरात होतं, आणि ऐंशीच्या दशकात विद्या बाळ संपादक होत्या तेव्हा आई ते हातातलं काम टाकून वाचायची. पण ते वाचायचं मासिक होतं. त्यात डोक्याला काम. ‘मेनका’, ‘माहेर’ दिवाळीत. इंग्रजीत ‘फेमिना’. ते 1959 पासून निघत होतं, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याच्या संपादक विमला पाटील होत्या. एवढ्या मोठ्या इंग्रजी मासिकाच्या प्रमुखपदी एक मराठी बाई आहे, याचा आमच्या काकूंना विलक्षण अभिमान. काकूंचं इंग्रजी बेताचं होतं, तरी संपादकीय पान त्या शब्दकोश घेऊन वाचत. ‘फेमिना’त भारतीय कापडाला, हातमागाच्या साडीला मान होता. मला वाटतं, आमच्या बायकांना आपल्या पेटीतली इरकल आणि नारायणपेठ पुन्हा नव्यानं दिसायला लागली त्यात या मासिकाचा वाटा आहे.

आजी हिवाळ्यात कधी दिल्लीला येत नसे, उन्हाळ्यात येई. रस्त्याचं नवं नाव तिच्या एकटीच्याच तोंडी बसलं होतं. तिच्या तरुणपणी पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, फेब्रुवारी 1944 मध्ये कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती, हे आजी आम्हाला सांगायची, आणि सांगताना हातानं सुताचा पोत दाखवायची. पुढे ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात मावशीला पोशाखांच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक मिळालं. त्यात रस्त्याच्या जुन्या नावातल्या कर्झनसाहेबाच्या बायकोचा गाऊन होता. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातल्या नृत्यसमारंभात मेरी कर्झननं तो घातला होता. अंगभर मोरपिसं, सोन्यारुप्याच्या तारेची जरदोजी, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या चमकत्या हिरव्या पंखाचा तुकडा शिवलेला. भरतकाम दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांचं. ते पट्टे पॅरिसला पाठवले, तिथे वर्थ यांच्या पेढीनं त्यांचा गाऊन बेतला. आज तो इंग्लंडमध्ये केडलस्टन हॉलमध्ये आहे.

मावशीनं ते पान उघडून आईसमोर ठेवलं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “शिवला त्याचं नाव आहे. भरला त्याचं कुठे आहे?”

हा प्रश्न आमच्या घरात त्यानंतर कायमचा राहायला आला. कुठलंही फॅशनचं मासिक हातात आलं की आई आधी बारीक अक्षरांतली श्रेयनामावली वाचायची. छायाचित्र अमुक, केशरचना अमुक, रंगभूषा अमुक, कपडे अमुक डिझायनरचे, दागिने अमुक पेढीचे. आणि मग तो प्रश्न. आम्हाला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आज मी त्या प्रश्नाला फॅशनवरच्या पुष्कळ लेखांपेक्षा मोलाचा समजते.

नव्वदीत सगळं झपाट्यानं बदललं. दिल्लीत 1986 मध्ये फॅशन शिकवणारी निफ्ट ही संस्था सुरू झाली होती. मुंबईत 1987 मध्ये तरुण तहिलियानी यांनी ‘आन्साम्ब्ल’ हे दुकान काढलं होतं, जिथे भारतीय डिझायनरचे कपडे एका छताखाली मिळू लागले. हौज खास गावातल्या जुन्या घरांत बुटिकं उघडली. मग 1994. सुश्मिता सेन मिस इंडिया झाली, पुढे मिस युनिव्हर्स, आणि तिनं स्वतः सांगितलं की मिस इंडिया स्पर्धेतल्या तिच्या गाऊनचं कापड सरोजिनी नगरच्या बाजारातलं होतं, तो पेटीकोट शिवणाऱ्या एका साध्या शिंप्यानं शिवला होता, आणि हातमोजे पायमोज्यांचे केले होते. सरोजिनी नगर म्हणजे काकूंचा बाजार. ती हकिगत कळल्यावर काकूंचा चेहरा जो उजळला! साध्या बाजारातलं कापड नीट बेतलं तर कुठपर्यंत जातं, हे त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. आता ते साऱ्या देशानं पाहिलं होतं.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, मुंबईहून ‘व्हर्व्ह’ निघालं.

मला नुकतीच नोकरी लागली होती आणि माझ्या पगारातून मी कॅनॉट प्लेसला तो अंक घेतला. एवढ्या किमतीचं मासिक घरात पहिल्यांदाच विकत येत होतं. जड कागद, रुंद समास, छपाई अशी की रेशमावर उजेड कुठून पडलाय ते दिसावं. आपल्याकडे आतापर्यंत असा कागद फक्त बाहेरच्या अंकांना. हे मासिक कुठल्या परदेशी मासिकाची भारतीय आवृत्ती नव्हतं. ते अनुराधा महिंद्रा यांनी स्वतः काढलं होतं, संपादनही त्यांचंच. न्यू यॉर्क किंवा पॅरिसहून नाव आणि साचा न घेता, इथल्या बाईच्या आवडीनिवडीवर, इथल्या कलावंतांवर, घरांवर, प्रवासावर आणि कपड्यांवर श्रीमंती थाटाचं इंग्रजी मासिक चालवायचं, हे त्या काळात धाडसच होतं.

धाडस का, ते नीट सांगायला हवं. असं मासिक विक्रीच्या किमतीवर चालत नाही. जड कागद, रंगीत छपाई, परगावी जाऊन केलेली छायाचित्रणं यांचा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नाही. तो जाहिरातींतून काढायचा असतो. आणि जाहिराती देणार कोण? महागडी घड्याळं, अत्तरं, चामड्याच्या पिशव्या विकणाऱ्या कंपन्यांची इथे दुकानंच नव्हती. लुई व्हितॉंनं भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते 2003 मध्ये, दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात. वसंत कुंजला डीएलएफ एम्पोरिओ हा मॉल उभा राहिला 2008 मध्ये. म्हणजे चैनीच्या वस्तूंचा बाजार यायच्या किती तरी आधी हे मासिक आलं आणि तग धरून राहिलं. दुसऱ्याच वर्षी, 1996 मध्ये, फ्रान्सच्या ‘एल’ची भारतीय आवृत्ती परवान्यानं आली, ती काढली ओगान या प्रकाशनसंस्थेनं. पुढे सरकारनं अशा मासिकांसाठी परदेशी भांडवलाचं दार पूर्ण उघडलं आणि ऑक्टोबर 2007 मध्ये ‘व्होग’ आलं, 1892 पासूनचा इतिहास आणि स्वतःचं भांडवल घेऊन. या सगळ्या मोठ्या घराण्यांच्या आधी एका बाईनं आपल्या बळावर ती जागा तयार केली होती. फॅशनच्या इतिहासात हे ठळकपणे लिहिलं जायला हवं. त्याच प्रकाशनघराकडून 2000 मध्ये पुरुषांसाठी ‘मॅन्स वर्ल्ड’ही निघालं.

त्या पहिल्या अंकाभोवती आमच्या घरातल्या बायका बसल्या ती रविवारची दुपार. आई, दोन्ही मावश्या, काकू, जोशीकाकू. मध्ये सतरंजीवर अंक. पान उलटायचा मान धाकट्या मावशीचा, कारण हात स्वच्छ ठेवण्याची तिची ख्याती. आधी त्यांनी कागद बोटांत धरून बघितला. मग वाचन सुरू झालं, म्हणजे त्यांच्या पद्धतीचं.

“हे मागून चिमटे लावून बसवलंय फोटोपुरतं,” मोठी मावशी एका अंगाला चिकटलेल्या जाकिटाकडे बोट दाखवत म्हणाली. “हात वर केला की बघा.”

“अहो, पण ही बाही बघा ना,” जोशीकाकू म्हणाल्या. “एकाच तुकड्यात आहे. मुंढ्याला जोडच नाही.”

“जोड आहे. काखेत आहे, दिसत नाही,” आई म्हणाली, आणि खरंच, पुढच्या पानावरच्या दुसऱ्या फोटोत तो दिसला.

एका साडीच्या काठावर त्या सगळ्या थांबल्या. आजीच्या पेटीत जवळजवळ तसाच काठ होता. साडी बाहेर आली, अंकाशेजारी पसरली गेली. छापलेल्या साडीत लाल जरा जास्त तापलेला होता. आईचं मत पडलं की छपाईत शाई चढली असणार, कारण खऱ्या रंगानं असा लाल येत नाही. त्यानंतर काकूंनी ती साडी नेसून दाखवली. चष्मा डोक्यावर चढवून, पोटरीच्या वर निऱ्या धरून, मासिकातल्या मुलीसारखी मान वळवून. आम्ही मुली टाळ्या वाजवत होतो. काकूंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं आणि मी त्यांना इतकं देखणं आधी पाहिलं नव्हतं. तोवर ज्या पानांत आपल्यासाठी काही शोधायला मोजपट्टी लागायची, भाषा शिकायला लागायची, त्या तऱ्हेच्या पानात पहिल्यांदाच त्यांच्या पेटीतली साडी होती. हे मला फार मोठं वाटतं. ‘व्हर्व्ह’चं मोल माझ्या लेखी इथे आहे.

पण याच पिढीचे शिवणारे हात तोपर्यंत थांबायला लागले होते. तयार कपडे चांगले मिळू लागले. आम्ही मुली नोकऱ्यांना लागलो, आम्हाला घरच्या कोटापेक्षा दुकानातलं जॅकेट बरं वाटू लागलं. जीन्स तर आधीपासूनच मोहनसिंग प्लेसच्या शिंप्यांकडून. पायमशीनवर टेबलक्लॉथ आला, त्यावर टेलिफोन. बाबा निवृत्त झाले आणि अपार्टमेंट सोडावं लागलं. ज्या वर्षांत आपल्याकडच्या फॅशनच्या मासिकांना सोन्याचे दिवस आले, त्याच वर्षांत घराघरांतलं बेतण्याचं, उतरवून घेण्याचं ज्ञान एकेका कपाटात जाऊन बसलं. याला मासिकं जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. बाजारच तसा आला. पण नवी मासिकं कपडा कसा दिसतो ते अप्रतिम दाखवतात, आणि तो कसा होतो ते जवळजवळ कधीच दाखवत नाहीत. ॲने बुर्डा आणि ‘व्हर्व्ह’ या दोन्हींमधलं काही एकत्र करून एखादं मासिक निघावं, पुण्यामुंबईहून निघावं, मराठीत निघावं, अशी माझी फार इच्छा आहे. जड कागद, सुंदर छपाई, आपली कापडं, आणि मध्ये घडी घातलेला आराखडा. वाचक आहेत. मी त्यांच्यात वाढले आहे.

आता या रस्त्यावर 2013 पासून नवं महाराष्ट्र सदन आहे. दिल्लीला गेलं की तिथे मराठी जेवायला आम्ही भावंडं जमतो. ‘कादंबिनी’ आणि ‘नंदन’ 2020 मध्ये बंद झाली.

माझी भाची कपड्यांचे आराखडे करण्याच्या धंद्यात आहे. सगळं काम संगणकावर. गेल्या हिवाळ्यात तिनं मावशीची जुनी पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत खाकी कागदांच्या गुंडाळ्या, दोऱ्यानं बांधलेल्या. भाचीनं एकेक उलगडून फोटो काढायला सुरुवात केली. प्रत्येक कागदावर पेन्सिलनं अंकाचा महिना आणि तुकड्याचा आकडा होता, आईच्या अक्षरात खांद्याचा आणि मुंढ्याचा फरक होता, आणि कोपऱ्यात कोट कुणासाठी ते. भाचीनं विचारलं, “मावशीआजी, या फाइलला नाव काय देऊ? बुर्डा?”

“अंकाचं नाव लिही, महिना लिही,” मावशी म्हणाली. “मग माप कुणी बदललं ते लिही. तुझ्या आजीचं नाव लिही, पूर्ण. आणि टिपा कुणी मारल्या ते प्रत्येकाच्या मागं लिहिलंय, कागद उलटा करून बघ.”

भाचीनं कागद उलटा केला आणि नावं टाइप करायला घेतली.